46 जण आणि त्यांची नावं: अपशिंगे मिलिटरीचं प्रकरण

सरकारी कागदावर गावाचं नाव ‘अपशिंगे (मि.)’ असं येतं. कंसातला ‘मि.’ म्हणजे मिलिटरी. सातारा तालुक्यात, शहराच्या दक्षिणेला नागठाणे-बोरगावच्या पट्ट्यातलं हे गाव. घरटी एक तरी माणूस फौजेत, काही घरांत तीन-चार पिढ्या सलग. नावापुढची ही पदवी इंग्रजांच्या काळात लागली, आणि तिचं कारण म्हणून एक आकडा सांगितला जातो. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले. त्यांच्या आठवणीसाठी इंग्रजांनी गावात स्मारक उभारलं. पुढे दुसरं महायुद्ध झालं, चीनचं झालं, पाकिस्तानची झाली. त्या लढायांतही गावातली माणसं गेली. तरी गावाची ओळख सांगताना पहिल्यांदा निघतो तो 46 हाच आकडा.

हे प्रकरण अभ्यासाला घ्यावंसं वाटलं ते या आकड्यामुळेच. दरवर्षी 26 जानेवारी, 15 ऑगस्टच्या आसपास वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून ‘सैनिकांचं गाव’ म्हणून अपशिंग्यावर काही ना काही येतं. त्यात हा आकडा हमखास असतो. नावं मात्र नसतात. कोण होते हे 46? कुठल्या आळीतले? कुठल्या पलटणीत होते, कुठल्या मातीत पडले? गावाबाहेरच्या वाचकाच्या हाती यातलं काहीच लागत नाही. नावं कुणी मुद्दाम लपवली आहेत, अशातला भाग नाही. शंभर वर्षांपूर्वी काही हजार किलोमीटरवर एक निर्णय झाला, त्याची सावली अजून या गावावर आहे. तो निर्णय नीट समजून घ्यायचा तर आधी ही पोरं गेली कुठे ते पाहावं लागतं.

मराठा पलटणी त्या वेळी आजच्यासारख्या एका रेजिमेंटखाली नव्हत्या. 103, 105, 110, 114, 116, 117 असे त्यांचे क्रमांक होते. 1922मध्ये त्यांची एकत्र बांधणी झाली आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री तयार झाली. 103वी म्हणजे आजची पहिली बटालियन, जिला सगळे जंगी पलटण म्हणून ओळखतात. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला 11 रुपये होता. आज हसू येईल, पण कोरडवाहू तुकड्यावर चार भाऊ राबत असतील तिथे महिन्याच्या महिन्याला येणारी 11 रुपयांची मनीऑर्डर ही फार मोठी गोष्ट होती. एक भाऊ भरती झाला की मागचे तिघे तगायचे. शौर्याची परंपरा वगैरे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण तिच्या तळाशी हा हिशोब आहे आणि तो सांगायला गावकऱ्यांना कधी लाज वाटलेली नाही. लाज वाटते ती भाषणं लिहिणाऱ्यांना.

पुण्याची सहावी डिव्हिजन 1914च्या अखेरीस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरायला लागली. नोव्हेंबरात फाव आणि बसरा हाती आलं. सगळ्यात आधी उतरलेल्या ब्रिगेडमध्येच 117वी मराठा होती. मागोमाग 103वी आणि 110वी गेली. तैग्रिसच्या काठाकाठानं वर सरकत जनरल टाउनशेंडचं सैन्य नोव्हेंबर 1915मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनपर्यंत पोचलं आणि तिथे अडलं. लढणारे साधारण साडेआठ हजार. मेलेले आणि जखमी मिळून साडेचार हजारांच्या आसपास. निम्म्याहून जास्त. उरलेले माघारी फिरून कुत-अल-अमारात शिरले आणि 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तिन्ही मराठा पलटणी आत होत्या.

वेढा 29 एप्रिल 1916पर्यंत चालला. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते मांस शिवायला कित्येक आठवडे नकार दिला. गावी परतल्यावर जातीत घेतील का, ही भीती पोटातल्या भुकेपेक्षा मोठी होती. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, पाय ओढेनात. स्कर्व्ही, ताजी भाजी-फळं न मिळाल्यानं होणारा रोग. शरणागतीच्या वेळी साधारण तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली आणि वाळवंटातून पायी हाकलली गेली. त्यांतली हजारो परत आली नाहीत. बाहेरून वेढा फोडायला निघालेल्या फौजेनं तेवीस हजारांचं नुकसान सोसलं ते वेगळंच. मेसोपोटेमियाची मोहीम इथेच संपली नाही. ऑक्टोबर 1918मध्ये शरकतला 114वी मराठा अशी लढली की एकाच लढाईत पलटणीला 28 शौर्यपदकं मिळाली.

आता आकड्याकडे परत येऊ. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून साधारण 13 लाख माणसं बाहेर गेली, त्यांत 74 हजारांच्या घरात मेली. म्हणजे सतरा-अठरांत एक. याच प्रमाणानं 46 मेले म्हणायचं तर गावातून आठशे जण जायला हवेत. एका खेड्यातून आठशे? पटत नाही. मग दोनच शक्यता उरतात. एक, गावातली पोरं सरासरीच्या जागी नव्हतीच. 13 लाखांत पाच लाखांहून अधिक बिगरलढाऊ होते, खेचरं हाकणारे, डोल्या उचलणारे, आचारी, मजूर. अपशिंग्याची माणसं मात्र इन्फंट्रीत आणि तीही टेसिफोन-कुतच्या जात्यात सापडलेली. टेसिफोनला तर दोनांत एक मेला किंवा जखमी झाला. दुसरी शक्यता कागदोपत्री आहे. इंग्रजांनी खेडोपाडी जे संगमरवरी फलक लावले, त्यांवर ठरलेला मजकूर असायचा: या गावातून इतके पुरुष 1914-1919च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. एका फलकावर दोन आकडे. शंभर वर्षांच्या सांगोवांगीत दोन आकडे एकमेकांत मिसळणं अवघड नाही. मला स्वतःला पहिली शक्यता जास्त जवळची वाटते, कारण मराठा पलटणींचा मेसोपोटेमियातला हिशोब तिच्याशी जुळतो. पण छातीठोक बोलायचं तर नावं समोर हवीत. आकड्याशी वाद घालता येत नाही. नावाशी घालता येतो. हा अमुक, याचा बाप तमुक, हा मेला की परत आला, एवढं घराघरात विचारता येतं.

बसऱ्याची भिंत

युद्ध चालू असतानाच, 1917मध्ये, लंडनला इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं. आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ते हेच. त्याचं तत्त्व त्या काळाच्या मानानं कमालीचं पुढारलेलं: जनरल असो की शिपाई, गोरा असो की काळा, प्रत्येक मेलेल्याचं नाव कोरलं जाईल, कबरीवर नाहीतर भिंतीवर. फ्रान्समध्ये त्यांनी हे पाळलंही. न्यूव्ह-शापेलला 1927मध्ये उघडलेल्या स्मारकाच्या गोल भिंतीवर 4700हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत, साध्या शिपायासकट.

बसऱ्याला तसं झालं नाही. 1929मध्ये तिथलं स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या, कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, साध्या टॉमीपर्यंत. हिंदी पलटणींच्या फलकांवर मात्र नावं आली ती अधिकाऱ्यांची, सुभेदार-जमादारांपर्यंत. त्याखालच्यांसाठी पलटणीगणिक एकच ओळ: आणि इतर अमुक इतके हिंदी सैनिक. हवालदार, नाईक, लान्स नाईक, शिपाई, सगळे त्या ‘इतर’मध्ये. तीस हजारांवर माणसं.

थोडक्यात सांगायचं तर साताऱ्याच्या पोराचं नाव दगडावर येणार की नाही हे तो कसा लढला यावर ठरलं नाही. तो कुठल्या बोटीत चढला यावर ठरलं. फ्रान्समधल्या मार्सेयच्या बोटीतला नाव घेऊन मेला, बसऱ्याच्या बोटीतला आकडा होऊन. आणि मराठा पलटणींच्या नशिबी बसऱ्याची बोट होती.

याच प्रदेशात अमाऱ्याचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथे तैग्रिसच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे. साधारण पाच हजार माणसं. त्यांतल्या फक्त नऊ जणांची नावं माहीत आहेत, कारण लष्करानं दफनाची नीट नोंदच ठेवली नाही. त्याच गावातल्या दुसऱ्या, मोठ्या दफनभूमीत साडेचार हजारांवर थडगी होती, दगड लावलेली. जमिनीतल्या क्षारांनी ते दगड असे खाल्ले की 1933मध्ये सगळे काढून टाकावे लागले आणि नावं एका भिंतीवर न्यावी लागली. म्हणजे दगडावर नाव आलं तरी ते टिकेलच असं नाही. पण त्यांच्यासाठी निदान भिंत तरी बांधली गेली.

बसऱ्याचं स्मारकही जागेवर राहिलं नाही. आधी ते शत्त-अल-अरब नदीच्या काठी, नौदलाच्या गोदीजवळ होतं. 1997मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटर आत, पहिल्या आखाती युद्धाच्या रणभूमीत नेऊन ठेवलं. साताऱ्यातून कुणी पणजोबाच्या नावानं फूल वाहायला जाईल म्हटलं तर जागा शोधण्यापासून तयारी.

या असमानतेची कबुली यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. एप्रिल 2021मध्ये कमिशननंच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. आफ्रिकी, आशियाई, मध्यपूर्वेतल्या 45 ते 54 हजार मृतांना असमान वागणूक मिळाली. आणखी किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, ज्यांची नावं नोंदलीच गेली नाहीत किंवा ज्यांचं कुठेच काही स्मारक झालं नाही. कारण म्हणून वंशभेद हा शब्द अहवालानं सरळ वापरला. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. माफीचा अपशिंग्याला काय उपयोग, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे: थोडा आहे. कमिशनची जुनी दप्तरं आता संगणकावर बसल्या जागी चाळता येतात, आणि बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली पुष्कळ नावं तिथे सापडतात.

नाव माहीतच नव्हतं का?

इथे या प्रकरणातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट येते. नावं माहीत होती.

युद्धानंतर ब्रिटिश सरकारनं मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी एक ब्राँझची गोल ताटली पाठवली. साम्राज्यभर मिळून तेरा लाखांहून अधिक ताटल्या. हिंदी सैनिकांच्या घरीही गेल्या. व्यास साधारण 12 सेंटिमीटर, आपल्या पूजेच्या ताम्हनाएवढी. हातात घेतली तर तळहाताला भार जाणवतो. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, उभी आहे, शेजारी सिंह. कडेनं इंग्रजीत लिहिलंय की यानं स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठेसाठी प्राण दिला. (कुणाचं स्वातंत्र्य, हे विचारायला ताटलीवर जागा ठेवलेली नाही.) आणि एका आयताकृती चौकटीत, उठावाच्या अक्षरांत, मेलेल्याचं नाव. नुसतं नाव. हुद्दा मुद्दाम घातला नव्हता, मरणात सगळे सारखे म्हणून. नाव ओतीव आहे, मागाहून कोरलेलं नाही. म्हणजे प्रत्येक माणसासाठी वेगळी अक्षरं जुळवून साचा केला.

एकीकडे शिपाई अमुक तमुक याचं नाव ब्राँझमध्ये ओतून पोस्टानं खेड्यात पाठवणारं साम्राज्य, दुसरीकडे भिंतीवर तेच नाव घालायची वेळ आली तेव्हा ‘आणि इतर’ म्हणणारं. पदकांचंही तसंच. त्या युद्धाच्या पदकाची कड बारकाईनं पाहिली तर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं ठोकलेलं दिसतं. याद्या होत्या. पेन्शन नावावरच दिली जात होती. भिंतीवर नावं न घालण्याला अज्ञान हे कारण देता येत नाही.

म्हणून 46 नावं शोधायची तर बसऱ्याहून आधी गावातल्या पत्र्याच्या ट्रंका उघडाव्या लागतील. ताटली मोडीत गेली असेल, पदकातली चांदी अडीअडचणीला सोनारानं घेतली असेल. तरी सगळ्याच घरांनी विकलं असेल असं नाही. गोधड्यांच्या खाली, लग्नाच्या शालूशेजारी असल्या वस्तू निघतात.

संगणकावर शोधायचं म्हणाल तर तो एक वेगळाच खेळ आहे. इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. मराठ्याचं इंग्रजी स्पेलिंगच मुळात मध्ये एक फुकटचा ‘एच’ घेऊन येतं. पांडुरंग कागदावर पांडू होतो, आणि त्या पांडूच्या शेवटी कधी ‘यू’, कधी दोन ‘ओ’. आडनाव असेल तर नशीब. बऱ्याचदा नाव आणि बापाचं नाव एवढंच. गाव, तालुका, जिल्हा लिहिला असेल तर तोही असाच कानावरून. अपशिंगे हा शब्द किती तऱ्हांनी इंग्रजीत लिहिता येतो ते एकदा बोटांवर मोजून पाहा. गावाच्या नावानं न शोधता पलटणीच्या क्रमांकानं आणि मृत्यूच्या तारखेनं शोधायचं, मग सातारा जिल्हा असलेले वेगळे काढायचे, आणि शेवटी ते नाव मोठ्यांदा वाचून बघायचं. डोळ्याला परकं वाटणारं नाव कानाला पटकन घरचं लागतं.

आपल्याकडचे दोन दफ्तरखाने मात्र कुठल्याही ब्रिटिश संशोधकाला सुचणार नाहीत. एक हेळवी. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे सुगीनंतर बैल घेऊन येतात, ओसरीवर बसून घराण्याची वंशावळ सांगतात आणि वहीत नवा जन्म-मृत्यू टिपून घेतात. दुसरे त्र्यंबकेश्वर-नाशिकचे तीर्थोपाध्ये. परमुलखात मेलेला, देह घरी आला नाही, दहन कुणी केलं ठाऊक नाही, अशा माणसाचे विधी करायला घरचे तिथे जायचे, आणि उपाध्याच्या नामावळीत कोण कुणासाठी आलं ते उतरायचं. 1916 ते 1920च्या सुमाराची पानं अपशिंगे या नावानं उलटली तर काय निघेल, या विचारानं मला तरी हात शिवशिवतात.

वीरगळ आणि शब्दाचा प्रश्न

या भागात युद्धस्मारक ही काही इंग्रजांनी आणलेली वस्तू नाही. कुठल्याही जुन्या देवळामागे जा, शेंदूर फासलेला, अर्धा जमिनीत गेलेला वीरगळ दिसेल. खालच्या चौकटीत तो लढताना किंवा पडलेला. बाजूला गाई असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना मेला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला नेताहेत. त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, शेजारी पुरोहित. माथ्याला चंद्र-सूर्य: तोवर कीर्ती राहील. बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नाही. तरी गावाला त्याची अडचण कधी झाली नाही, कारण तो दगड अमक्या घराण्याचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं आणि सणावाराला तिथे नारळ फुटत होता. विसर पडला तो घराणं गाव सोडून गेलं तेव्हा.

निनावी स्मारक आपल्याला परकं नाही, असा युक्तिवाद यावरून कुणी करील. मला तो मान्य नाही. वीरगळ कोरणाऱ्यानं शेजारच्या दगडावर सरदाराचं नाव घालून शिपायाच्या दगडावर ‘आणि इतर’ असं लिहिलं नव्हतं.

शब्दाचंही असंच. भाषणांत या 46 जणांना हुतात्मा म्हणतात, शहीद म्हणतात. त्यावर कुणीतरी हमखास कुजबुजतं की ते इंग्रजांसाठी मेले, हुतात्मे कसे? वाद वाढतो आणि माणसं बाजूला राहतात. आपल्या बखरींतला जुना शब्द या बखेड्यात पडतच नाही: कामी आले. कोणाच्या कामी, ते काम बरं की वाईट, यावर तो शब्द काही बोलत नाही. मीठ खाल्लं, लढले, कामी आले. 1916च्या शिपायानं स्वतःबद्दल हाच शब्द वापरला असता.

आज या पट्ट्यातला जवान गेला की तिरंग्यातला देह गावी येतो. कारगिलपासून ही रीत पक्की झाली. 2015मध्ये कुपवाड्यात कामी आलेले कर्नल संतोष महाडिक याच जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे. त्यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी साताऱ्यानं पाहिली आहे. चितेची जागा ठाऊक असते, तिथेच पुढे स्मारक होतं, पुतळा होतो, कमानीला नाव लागतं. 1916च्या घरी आलं ते फक्त एक पत्र, ते वाचायला मास्तर शोधावा लागला असेल, आणि पुढे कधीतरी ती जड ताटली.

काम सुरू करायचं तर फार काही लागत नाही. शाळेतल्या पोरांकडून दोनशे पानी वही आखून घ्यावी. रकाने: नाव, बापाचं नाव, आळी, पलटण, कुठे, कधी, पुरावा काय. हुद्द्याचा रकाना नको; ताटलीवरही नव्हता. ज्या घरातून नाव आलं त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईची सही किंवा अंगठा शेवटच्या रकान्यात, कारण कोण परत आला नाही हे पुरुषांपेक्षा बायकांनी जास्त लक्षात ठेवलेलं असतं. ओळी मात्र आधीच 46 आखू नयेत.